आप्पांचा लाकडी हात

खोली बघायला मी पहिल्यांदा आप्पांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. माझ्या काखेत टेबलफॅन होता. तो त्यांनी काढून घेतला, दुकानाच्या फळीवर उलटा ठेवला आणि बुडाच्या पत्र्यावरून बोट फिरवत विचारलं, "ह्यो मान हलवतो का?"

"आधी हलवायचा. आता नाही हलवत."

"कावून न्हाई?"

"मला काय माहीत? बिघडला असेल."

"बिघडत नसतंय काई. कुठंतरी चाकाचा दाता चुकलेला असतोय." असं म्हणून त्यांनी खिशातून पेचकस काढला आणि पहिला स्क्रू फिरवलासुद्धा. तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा, काकूंचा, खणखणीत आवाज आला, "आवो, त्या बाईला पानी तरी इचारा आदी! पंखा काय पळून चाललाय का?"

खोलीचं भाडं, नळाची वेळ, किल्ली, सगळं काकूंनीच ठरवलं. तासाभरानं आप्पांनी पंखा परत दिला. तो मान हलवत होता, पण एकाच बाजूला. "तुमची खाट त्याच बाजूला ठिवा," ते म्हणाले आणि दुकानात निघून गेले.

त्या खोलीत मी सहा वर्षं काढली. गाव केज तालुक्यातलं, युसूफ वडगाव. मी तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. तिशी अजून गाठायची होती. नवरा परभणीला नोकरीला, महिन्यातून दोनदा यायचा. पुढं आप्पांचं किराणा दुकान, मागं त्यांचं घर, आणि घराला लागून माझी खोली. मधे एकच भिंत. आप्पा-काकूंना मुलगी एकच, ती लग्न होऊन उदगीरला गेलेली. गावात तोंडावर सगळे त्यांना आप्पा म्हणत आणि पाठीमागं मशीनवाला येडा. हे त्यांना माहीत होतं. "मशीनवाला म्हनत्यात ना? मग येडा म्हनले तर काय बिघडलं?" असं त्यांनी एकदा मला विचारलं होतं.

सकाळी आंघोळ करून, गळ्यातल्या लिंगाची पूजा करून ते दुकानात यायचे तेव्हा कपाळावर विभूतीची तीन बोटं स्वच्छ उठलेली असायची. नऊ वाजेपर्यंत तिथं चौथं बोट उमटायचं, काळ्या ग्रीसचं. गिऱ्हाइकाला साखर बांधून देतानाही त्यांचा डावा हात काहीतरी फिरवत असे, एखादं दातेरी चाक, एखादी कप्पी. कुणाच्याही घरी गेले की वस्तू उलटी करून तिचं बूड बघायची त्यांना सवय होती. आमच्या दवाखान्यातला वजनकाटाही त्यांनी असाच उलटा केला होता आणि डॉक्टर त्यांच्यावर ओरडले होते.

त्या वर्षांत लोक जुनं फार टाकून देत होते. घरोघर रंगीत टीव्ही येत होते, गावात पिवळ्या पाटीचा पहिला फोनबूथ निघाला होता, बीडच्या दुकानांतून स्वस्तातले टेपरेकॉर्डर, इस्त्र्या, मिक्सर ढिगानं येत होते. आप्पांची ती सुगी होती. कुणाचा रेडिओ बंद पडला, कुणाच्या जीपचा वायपर गेला, कुणी शिलाईमशीन मोडीत काढलं, की ते आप्पांच्या दुकानात येऊन पडायचं. तेलाच्या डब्यांमागं त्या सगळ्याचा डोंगर होता. त्यातून ते काय काय करत. दुकानाच्या छपरावर एक पत्र्याचा माणूस उभा केला होता. केजकडून एसटी येताना दिसली की आप्पा आत बटण दाबायचे आणि तो माणूस हात वर करून हलवायचा. ड्रायव्हर हॉर्न वाजवून उत्तर द्यायचे. आप्पा तेवढ्यानं दिवसभर खूश.

गावाबाहेर मेंढ्या घेऊन राहणारा एक म्हातारा तंबाखूसाठी दुकानात यायचा. आप्पांनी त्याच्या मेंढ्या कोंडायच्या वाडग्यासाठी एक फाटक बनवलं. प्रत्येक मेंढी आत शिरताना तिच्या पायाखाली पट्टी दबायची आणि वरचा आकडा एकानं पुढं सरकायचा. आकड्यांची चाकं त्यांनी स्कूटरच्या मीटरमधून काढली होती. आम्ही सगळे बघायला गेलो होतो. एकही आकडा चुकला नाही. म्हाताऱ्यानं कौतुकानं मान हलवली आणि म्हणाला, "आप्पा, लई भारी केलंय. पर मला आकडा घिऊन काय करायचं? मला तोंडं ठाव हायत. एक कमी आली तर कोन आली न्हाई ते मला कळतंय. ह्ये निस्तं कमी हाय एवढंच सांगतंय."

तिसऱ्या दिवशी आप्पा मला म्हणाले, "त्याचं बी खरं हाय, शिष्टरबाई. पर मानूस थकतो, मोटार थकत न्हाई." हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. ते कुठंही लावायचे.

महादेवाच्या देवळात आरतीला घंटा आणि नगारा वाजवणारं यंत्रही त्यांनीच केलं होतं, पंपाच्या जुन्या मोटारीवर. दोन वर्षं ते चाललं. मग मुंबईला राहणाऱ्या कुणीतरी शहरातून चकचकीत तयार यंत्र आणून देवाला वाहिलं आणि आप्पांचं यंत्र देवळाच्या कट्ट्यावर पावसात जाऊन पडलं. आप्पा नवीन यंत्र बघायला गेले. खाली वाकून, मान तिरकी करून, त्याचं बूड बघून आले. "माझ्यापेक्षा चांगलं केलंय," म्हणाले. "आवाज न्हाई बघा मोटारीचा." जेवायला मात्र बसले नाहीत.

काकू या सगळ्याला वैतागलेल्या आणि या सगळ्याच्या मालकीणही. दुकान खरं त्याच चालवत. त्यांचं हसू चार घरांपलीकडे ऐकू जायचं, आणि भांडण आठ घरांपलीकडे. आप्पांनी एकदा त्यांचं शिलाईमशीन उघडलं तेव्हा त्यांनी त्याचं चाक रस्त्यावर फेकलं होतं. पण दुपारी एक ते दोन दुकानाची फळी लागायची, आणि त्या तासाभरात त्या दोघांचा एकही शब्द भिंतीपलीकडून ऐकू यायचा नाही. मागच्या ओसरीत काकू सुपात गहू निवडत बसायच्या आणि शेजारी आप्पा आपलं काहीतरी घासत, जुळवत बसायचे. मी कधी दुपारी घरी आले तर ते दोघं तसेच बसलेले दिसायचे. ती वेळ त्यांनी कधी चुकवलेली मी पाहिली नाही.

माझ्या चौथ्या वर्षी, एका सकाळी, दुकानात गूळ फोडता फोडता काकू खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. लकवा. उजवं अंग गेलं, वाचा गेली. अंबाजोगाईला पंधरा दिवस ठेवून परत आणलं तेव्हा डाव्या हातात ताकद होती, डोळ्यांत ओळख होती, आणि तोंडात एकच शब्द उरला होता. "बस."

लकव्याच्या माणसाला असा एखादाच शब्द उरतो, हे मी आधी पाहिलं होतं. कुणाचा "आई" उरतो, कुणाची शिवी. भूक लागली तरी तोच, दुखलं तरी तोच. त्यामुळे आम्ही त्या शब्दाकडे फार लक्ष दिलं नाही. आप्पा चमच्यानं पाणी पाजायला लागले आणि काकू "बस" म्हणाल्या की ते चमचा बाजूला ठेवत. त्यांना वाटे, पुरे म्हणतेय.

मुलगी महिनाभर राहून सासरी परत गेली. अंग पुसायला, कपडे बदलायला गल्लीतली एक बाई सकाळ-संध्याकाळ यायची. बाकी वेळ आप्पा. आणि आप्पांना ते जमत नव्हतं. इतके बारीक स्क्रू बसवणारे त्यांचे हात, पण बायकोच्या तोंडाशी चमचा नेताना थरथरायचे. पेज हनुवटीवरून गळ्यात उतरायची. मग ते घाबरून दुकानात निघून जायचे. दुकान आता एकट्यावर होतं. फळी लावायची दुपारची वेळही त्यांनी मोडली.

एक दिवस ते माझ्याकडे वही घेऊन आले. "शिष्टरबाई, तिला एका घासाला किती द्यायचं? आन दुसरा घास किती येळानं?"

मी सांगितलं. अर्धा चमचा. पूर्ण कधीच नाही. पेज जरा दाटसर. गिळलेलं दिसल्याशिवाय दुसरा नाही. आणि पाठ वर उचललेली हवी, आडवं असताना काहीही द्यायचं नाही, श्वासात जातं. त्यांनी सगळं लिहून घेतलं, शाळेतल्या मुलासारखं.

आठ महिने ते त्या यंत्राला लागले. खाटेच्या डोक्याशी लोखंडी चौकट उभी केली. पाठीला टेकायची फळी त्या चौकटीलाच जोडलेली होती. ती काकूंना अर्धवट बसतं ठेवायची. बाजूला हात. हात लाकडाचा, बाभळीचा, त्यांनी स्वतः कोरलेला, पाच बोटांचा, नखांसकट. जीपच्या वायपरची मोटार, सायकलची चेन, टेपरेकॉर्डरचे पट्टे, आणि लोडशेडिंग सतत असायचं म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी. काकूंच्या डाव्या हाताखाली दारावरच्या घंटीचं बटण. ते दाबलं की हात वाटीत उतरायचा, अर्धा चमचा भरायचा, सावकाश वर यायचा आणि ओठांशी येऊन थांबायचा. पुन्हा बटण दाबेपर्यंत तिथंच. घाई नाही, थरथर नाही. मी स्वतः त्या चमच्यानं पेज खाऊन पाहिली. मी पाहिलेल्या कुठल्याही नर्सपेक्षा तो हात चांगला भरवत होता.

त्या लाकडी मनगटात त्यांनी हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाले, "तिला लेकीचा हात वाटंल."

बीडहून एका पेपरचा माणूस आला. त्या दिवशी अर्धं गाव त्यांच्या ओसरीत होतं, पाठीमागं येडा म्हणणारेही होते. काकूंना इरकली नेसवली होती. आप्पांनी फक्त "हं" म्हटलं. काकूंनी बटण दाबलं. बांगड्या किणकिणल्या, हात उतरला, वर आला, काकूंनी तोंड उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा मेंढपाळ डोळे पुसत म्हणाला, "आप्पा, ह्येला म्हनत्यात मशीन." पेपरात फोटो आला. आप्पांनी तो दुकानात चिकटवला. त्यांना इतकं ताठ चालताना मी आधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर काकूंनी ते बटण पुन्हा दाबलं नाही.

पहिल्या दिवशी दुपारी आप्पा दुकानातून आत गेले तर वाटी तशीच भरलेली, ओठ कोरडे. त्यांनी बटण दाबून पाहिलं. हात हलला, चमचा वर आला. काकू तोंड फिरवून पडलेल्या. चमचा हवेत थांबलेला. शेवटी त्यांनी वाकून ती गार पेज स्वतःच खाल्ली आणि यंत्र उघडायला बसले.

बटण जड असेल म्हणून त्यांनी डबीच्या झाकणाएवढं मऊ बटण केलं. काकूंनी दाबलं नाही. डाव्या पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून पाहिली. नाही. तोंडाशी रबराची नळी आणली, नुसतं फुंकायचं. नाही. प्रत्येक वेळी आप्पा स्वतः खाटेवर आडवे पडून बघायचे, त्यांच्यासाठी यंत्र चालायचं. काकू दिवसभर उपाशी राहायच्या आणि संध्याकाळी मी किंवा ती कामाची बाई भरवायचो. त्या वाळत चालल्या होत्या.

"शिष्टरबाई, तिच्यात ताकद तरी हाय का? बघा की जरा."

मी काकूंच्या डाव्या हातात माझं बोट दिलं आणि दाबायला सांगितलं. त्यांनी असं दाबलं की अंगठी रुतली. मी आप्पांना सांगितलं, ताकद आहे. ते म्हणाले, "मग माझंच चुकतंय," आणि पुन्हा पेचकस घेतला.

मला कळलं ते योगायोगानं. एका संध्याकाळी मी काकूंना भरवून, तोंड पुसून उठले, तर त्या म्हणाल्या, "बस." मी म्हटलं, हो, झालं आता. दाराशी गेले. "बस." आवाज मोठा. मी परत येऊन खाटेच्या कडेला टेकले. त्या गप्प झाल्या. डोळे मिटले. पाच मिनिटांनी मी उठले. "बस."

मी तीनदा तसं करून पाहिलं. मग तिथंच बसून राहिले, बराच वेळ.

आजही मी खात्रीनं सांगू शकत नाही. नर्स म्हणून मला माहीत आहे की तो शब्द कशालाही निघतो, निघू शकतो, त्यात काही नसेलही. पण त्या संध्याकाळी मला खात्री होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात जाऊन आप्पांना म्हटलं, "यंत्रात काही चूक नाही. काकू मुद्दाम दाबत नाहीत. त्या पुरे म्हणत नाहीत, आप्पा. त्या बस म्हणतात. खाली बस. तुम्ही जवळ बसावं म्हणून."

आप्पा डाळ तोलत होते. "काई बी काय? बायकू नवऱ्याला बस म्हनती का? बसा म्हनंल."

"त्यांना आता बसा म्हणता येत नाही."

पारड्यातली डाळ त्यांनी तशीच राहू दिली. समोर गिऱ्हाईक उभं होतं, ते त्यांच्याकडे आणि माझ्याकडे बघत राहिलं. आप्पा म्हणाले, "मंग मी ह्ये आठ म्हैने काय केलं?"

मी दवाखान्यात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी एक वाजता त्यांनी दुकानाची फळी लावली. किती तरी महिन्यांनी. मला त्या दुपारी लसीकरणासाठी एका वस्तीवर जायचं होतं, जीप दाराशी आली होती. पिशवी घेऊन निघाले तर ओसरीचं दार उघडं होतं. यंत्र चौकटीसकट भिंतीला सरकवून ठेवलेलं. आप्पा खाटेजवळ पाटावर बसलेले, मांडीवर वाटी, हातात चमचा. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्या सबंध वर्षात पाहिलं नव्हतं. आप्पा त्यांना काहीतरी सांगत होते, हळू आवाजात. काय ते मला ऐकू आलं नाही.

आणि मी हेही पाहिलं की चौकटीबरोबर पाठीची फळीही गेली होती. काकूंच्या डोक्याखाली एक चपटी उशी होती, बस्स. त्या जवळजवळ आडव्या होत्या.

मी ते पाहिलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. जीपवाला हॉर्न वाजवत होता. आणि खरं सांगायचं तर, त्या दोघांच्या मधे जाऊन नर्सगिरी करायला मला लाज वाटली. म्हटलं, दोन घास तर खातील. संध्याकाळी सांगू.

चारला परत आले तेव्हा ओसरीत माणसं होती. काकूंना ठसका लागला होता, निळ्या पडल्या होत्या. आप्पा अनवाणी दवाखान्यापर्यंत पळत गेले होते. डॉक्टरांनी येऊन तोंडातलं काढलं, श्वास आला, पण आत उतरायचं ते उतरलं होतं. रात्री ताप चढला. छाती घरघरायला लागली. परत अंबाजोगाईला हलवण्यासारखी त्यांची अवस्था नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी, मी नाडी धरलेली असताना, गेल्या. ते तीन दिवस आप्पा खाटेपासून हलले नव्हते. काकू त्या तीन दिवसांत एकही शब्द बोलल्या नाहीत.

त्यांच्यात मेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. काकूंना ओसरीत भिंतीला टेकवून, मांडी घालून बसवलं, कपाळभर विभूती लावली, गळ्यात फुलं घातली. उदगीरहून मुलगी येईपर्यंत दुपार झाली. तोवर आप्पा शेजारी तशीच मांडी घालून बसले होते. कुणीतरी पाणी दिलं ते घेतलं नाही. विधी करायला जंगम आले, बायका रडत होत्या, आप्पा समोर बघत होते. माती देतानाही तसंच बसवतात, तेही झालं.

दोन दिवसांनी ते माझ्या दाराशी आले. उंबऱ्यातच उभे राहिले. हात दोन्ही मोकळे होते, ते मला तेव्हा फार विचित्र वाटलं.

"शिष्टरबाई, तुमी सांगितलतं, अर्दा चमचा. मशीनला मी तसंच केलतं. जास्त भरायचंच न्हाई ते, तशी खाचच केलती. पर ती खायला लागली की वो. येवढ्या दिसानं खायला लागली. माझ्या हातानं. मी भरून घातला."

"आप्पा, तसं काही नसतं. ते कशानंही..."

"भरून घातला मी."

तो क्षण होता. तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं की चमच्यानं नाही झालं, किंवा नुसत्या चमच्यानं नाही झालं. पाठीची फळी नव्हती. मी फळी नसलेली पाहिली होती आणि जीपमध्ये जाऊन बसले होते. शब्द तोंडाशी आले होते. मी म्हटलं, "चहा घेता का?"

ते नको म्हणाले आणि गेले.

त्यांनी मला कधी दोष दिला नाही, हे मला सांगायला हवं. मी जाऊन बसा म्हटलं नसतं तर त्या उपाशी का होईना, काही महिने जगल्या असत्या, हा विचार त्यांच्या मनात आला असेल की नाही, मला माहीत नाही. माझ्या मनात तो रोज येतो. दुसरा विचारही येतो, की त्या दुपारी काकूंच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून त्यांना परत त्या यंत्राखाली ठेवा असं कुणाला म्हणवलं असतं? या दोन विचारांपैकी एकही दुसऱ्याला संपवत नाही.

त्यानंतर आप्पांनी काही उघडलं नाही. लोक सवयीनं बंद पडलेलं सामान आणत, ते "तिकडं ठिवा" म्हणत आणि ते तसंच पडून राही. छपरावरचा पत्र्याचा माणूस गंजला. एसटीचे ड्रायव्हर काही दिवस हॉर्न वाजवत राहिले, मग त्यांनीही सोडलं. पुढच्या वर्षी दुकान बंद करून ते मुलीकडे गेले आणि दीड-दोन वर्षांत तिथंच वारले, असं मला पत्रानं कळलं. तोवर माझी बदली झाली होती.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

काकू जाऊन महिना झाला असेल. मी दुकानात काडेपेटी घ्यायला गेले होते. एसटीतून एक माणूस उतरला, चाळिशीचा, डोक्याला पांढरी टोपी, पायांवर लांबच्या प्रवासाची धूळ. धारूरच्या पलीकडून आला होता, दोन एसट्या बदलून. त्यानं खिशातून पेपराचा तुकडा काढला, घड्या पडून मऊ झालेला. त्यावर आप्पांचा, काकूंचा आणि त्या लाकडी हाताचा फोटो होता.

"ह्ये तुमीच का?" त्यानं विचारलं.

आप्पांनी मान हलवली.

"माझी आई बी अशीच पडून हाय. आमी दोगं बी नवरा-बायकू कामाला जातो, दिवसभर कोन बी नसतंय. सांच्याला येतो तवा तिचं तोंड सुकून गेल्यालं असतंय. म्हनून आलो. मला कळत न्हाई त्यातलं, पर तुमी दाखवलं तर आमच्याकडचा सुतार करंल. निस्तं बघू द्या."

यंत्र मागच्या ओसरीत होतं, पोत्याखाली. बॅटरी उतरली असेल, बाकी सगळं धड होतं. बटण दाबलं असतं तर चाललं असतं.

"ते चाललं न्हाई," आप्पा म्हणाले.

"आं?"

"मशीन चाललं न्हाई. पेपरवाल्यांनी उगं लिवलं. मोडून टाकलं मी ते."

त्या माणसाला खरं वाटेना. त्यानं फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या अंगावर नर्सचा पांढरा गणवेश होता. "खरंच का वो बाई? चाललं न्हाई?"

आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. ते तराजूच्या दोऱ्या नीट करत होते.

मी म्हटलं, "नाही चाललं."

त्यानं तुकडा होता त्याच घड्यांवर दुमडला आणि खिशात ठेवला. परतीची गाडी कधी आहे विचारलं. दोन तास होते. तो दुकानाच्या पायरीवर बसला. आप्पांनी त्याला तांब्याभर पाणी आणि मूठभर फुटाणे दिले. त्यानं पाणी प्यायलं, फुटाणे कागदात बांधून ठेवले, घरच्यासाठी असतील. मी काडेपेटी हातात घेऊन तिथंच उभी राहिले. गाडी आली, तो चढला, खिडकीतून त्यानं आम्हाला हात जोडले.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर आप्पांनी विचारलं, "शिष्टरबाई, त्येच्या आईला गिळता तरी येत आसंल का वो?"

"विचारायला पाहिजे होतं," मी म्हटलं.

"गाव कोनतं म्हनला त्यो?"

ते आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं.